प्रोग्रॅम मध्येच गोठला, तर कारण कसं शोधलंत?

प्रोग्रॅमची खिडकी पांढुरकी पडते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. तिने साधारण 5 सेकंद माउस-कीबोर्डची दखल घेतली नाही की विंडोज ही पाटी लावते. प्रोग्रॅम मेलाच असं नाही, बरेचदा तो कशासाठी तरी खोळंबलेला असतो. तो कशासाठी खोळंबला होता आणि तुम्हाला ते कसं कळलं, ते लिहा. 'रीस्टार्ट केलं, झालं' एवढ्याने पुढच्याच्या हाती काही लागत नाही.

सदाशिव पेठ, सीएंकडे आर्टिकलशिप
जुलैअखेरची रिटर्नची घाई, आणि एक्सेल प्रत्येक फाइल उघडताना अडकायचं. कंट्रोल दाबून धरून सेफ मोडमध्ये सुरू केलं, म्हणजे ॲड-इन (एक्सेलला जोडलेले जादा प्रोग्रॅम) बाजूला पडले, तरी तेच. अगदी कोरी फाइलसुद्धा प्रिंट प्रीव्ह्यूला लटकायची. सरांनी एकच विचारलं, "डिफॉल्ट प्रिंटर कुठला आहे रे?" नेटवर्कवरचा, केव्हाच काढून टाकलेला! पानाची मांडणी ठरवताना एक्सेल डिफॉल्ट प्रिंटरकडे चौकशी करतं आणि उत्तर येईपर्यंत थांबतं. 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डिफॉल्ट केला, फाइल लगेच उघडली. डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवायची सेटिंगही बंद करा, नाहीतर शेवटी वापरलेला प्रिंटर पुन्हा डिफॉल्ट होऊन बसतो.

अप्पा बळवंत चौक, डीटीपी
दिवाळी अंकाची पानं लावताना सगळंच थिजायचं, मग मधले सगळे क्लिक एकदम लागू व्हायचे. रॅम वाढवा, असं जो तो सांगत होता. टास्क मॅनेजरमध्ये मात्र सीपीयू निवांत, मेमरी मोकळी, आणि डिस्क 100 टक्के. वाचनाचा वेग मात्र जेमतेम काही केबी. इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही, तिच्या सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क'च्या नावाने 153 क्रमांकाच्या नोंदींची रांग होती. विंडोज डिस्कवरचं तेच वाचन पुन्हा पुन्हा करून बघत होतं. अशा वेळी कृपा करून आधी चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं साधन) चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला त्याने आणखी ताण बसतो. आधी फाइली दुसरीकडे घ्या. आम्ही तसंच केलं, मग तपकीर गल्लीतून एसएसडी आणली.

हिंजवडी, घरून काम
'सेव्ह ॲज' दाबलं की गोठायचं, पण फक्त व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं कनेक्शन) बंद असताना. ऑफिसच्या सर्व्हरची मॅप केलेली, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर ड्राइव्हसारखी जोडलेली, ड्राइव्ह शोधत बसायचं. ड्राइव्ह डिस्कनेक्ट केली, त्रास संपला.

हडपसर, सॉफ्टवेअर टेस्टिंग
वरच्या तिन्ही तक्रारींत मी आधी विंडोजमधला रिसोर्स मॉनिटर उघडला असता. सीपीयूच्या टॅबमध्ये गोठलेला प्रोग्रॅम लाल दिसतो. त्यावर राइट क्लिक करून 'ॲनलाइझ वेट चेन' घ्या. तो दुसऱ्या एखाद्या प्रोसेससाठी थांबला असेल, तर बरेचदा तिचं नाव तिथे मिळतं. तेही नाही जमलं, तर 'एंड टास्क'आधी टास्क मॅनेजरच्या डिटेल्समधून 'क्रिएट डंप फाइल' करा, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या क्षणाच्या मेमरीची नक्कल फाइलमध्ये उतरते. नेमका कुठे अडकला, हे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना त्यातून कळतं. फक्त ती फाइल त्यांनाच पाठवा, ग्रुपवर टाकू नका. उघडी कागदपत्रं, पासवर्ड, मेमरीत असेल ते सगळं तिच्यात येऊ शकतं.