‘शिस्त नाही म्हणून सुटतं’ म्हणे!

खुंटी
परवाचं ‘पहाटवारा’ यांचं लिखाण वाचलंत ना? "२१ दिवस सलग पहाटे पाचला उठा, व्यायामाची सवय लागतेच. ज्यांचा नववर्षाचा संकल्प महिन्याच्या आत गळतो त्यांच्यात शिस्त नाही, बाकी सगळ्या सबबी." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. उत्तर तिथेच लिहायला घेतलं होतं, पण राग लांबत गेला, म्हणून वेगळा धागा.

मुळात हे २१ आले कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा माणसाला आपला वाटायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० साली लिहिलं. पुढे तोंडोतोंडी त्यातला ‘किमान’ गळाला, चेहराही गळाला, उरले २१ दिवस. नाकाचा हिशेब गुडघ्याला लावायचा! लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी खरोखर मोजल्या, २००९ मध्ये छापल्या. मधला आकडा ६६ दिवस. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच आहे.

आता माझं. घरात व्यायामाची सायकल आहे. हँडलवर ओले टॉवेल, सीटवर इस्त्रीचे कपडे. रात्री पाणी प्यायला उठलं की पेडल बरोबर नडगीवर बसतं. तिचा माझ्या तब्येतीशी उरलेला संबंध एवढाच. गेल्या वर्षी १८ दिवस सलग चालवली. एकोणिसाव्या दिवशी ताप. बरा झालो तर कॅलेंडरवर चार कोरे चौकोन. ‘आता मोडलंच आहे’ म्हटलं आणि सायकलवर पहिला टॉवेल पडला. ताप परवडला, त्या ‘सलग’ने घात केला.

यंदा नियम एकच: बूट घालून दाराबाहेर पडायचं, पुढचं पुढे. दीड महिन्यात पाच दिवस चुकले. चालू आहे. बेशिस्त म्हणायचं तर म्हणा.

पहाटवारा
नाव घेतलंत म्हणून उत्तर. ९६ माणसांचं कौतुक मला नको, मी नऊ वर्षं पाचला उठतोय. ‘एक दिवस चुकला तर चालतं’ हे मीही एकदा मानलं होतं. घर बदललं तेव्हा एक दिवस सुट्टी घेतली. ती आठ महिने चालली. वजन अकरा किलो वाढलं, आणि जिना चढताना मधल्या वळणावर फोन आल्याचं सोंग करून थांबायला लागलो. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितोय. तुम्हाला ताप होता, मान्य. पाचव्या दिवशीही होता का?

तिसरीपाळी
पाचला उठा म्हणे! पाचला माझी ड्यूटी संपायला अजून दोन तास असतात. मी दुपारी चारला दोरीच्या उड्या मारते. खालच्या मजल्यावरून तक्रार येते, ती वेगळी. पण पहाट म्हणजेच पुण्य हा जो सूर आहे ना, तो डोक्यात जातो. आमच्या जिवावर रात्री जागं राहणारं जग तुम्हाला झोपू देतं, म्हणून तुम्ही पाचला उठता.

आकडेमोड
दोन्हीकडून उगाच तापताय. नॉरक्रॉस यांचा अमेरिकेतला २००२ चा अभ्यास आहे. संकल्प केलेल्यांपैकी ४६ टक्के सहा महिन्यांनीही टिकून होते. बदलायची इच्छा आहे पण संकल्प केला नाही, अशांत फक्त ४ टक्के. तेव्हा ‘सगळेच सोडतात’ हेही खोटं.

पहाटवारा
म्हणजे ५४ टक्के बेशिस्त. माझंच म्हणणं आकड्यात मांडलंत, आभारी आहे.

ओटा
सगळं वाचून हसू आलं. संकल्पाची चैन कुणाला? माझा व्यायाम उठल्यापासून सुरू होतो. केर, फरशी, ओल्या चादरी पिळणं, तेरा किलोचं पोर कडेवर घेऊन तीन जिने. वर मनगटावरचं घड्याळ संध्याकाळी म्हणतं, आज तुम्ही हालचाल कमी केली! कारण पोराला धरलेला हात हलत नाही, आणि हात हलला नाही की त्याला पाऊल दिसत नाही. दुपारभर कडेवर घेऊन फिरले तरी ‘उठा, थोडं चाला’.

डंबेल
ताई, राग मानू नका, पण घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे. दमणं वेगळं, कमावणं वेगळं. स्नायूला हळूहळू जास्त वजन द्यावं लागतं. फरशी दर आठवड्याला जड होत नाही.

ओटा
पोर होतं. दर महिन्याला.

तिसरीपाळी
😂 घ्या!

आकडेमोड
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत घरकामही शारीरिक हालचालीत धरलंय. आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटं. आधी सलग दहा मिनिटांची अट होती, ती काढली. पण त्याच पानावर ‘आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा व्यायाम’ असंही आहे, तेव्हा डंबेल अगदीच चुकीचे नाहीत. आणि घड्याळाचं मनावर घेऊ नका. १० हजार पावलांचा आकडा १९६५ मध्ये जपानात पाऊलमापक विकायला आला तेव्हाचा. त्या यंत्राचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’. आधी यंत्र विकलं, शास्त्र मागून आलं.

डंबेल
‘अगदीच चुकीचे नाहीत’ काय? मध्यम श्रम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही इतका दम. भांडी घासताना लोक गाणी म्हणतात. माझी आई आयुष्यभर घरकाम करत आली, आज तिला जमिनीवरून हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. घरकामाने शरीर राहतं तर तिचं का नाही राहिलं? व्यायाम टाळायला हे बरं निमित्त झालंय बायकांना.

ओटा
‘बायकांना’? तुमच्या आईने आयुष्यभर काम केलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? जिमला? तिला रोज अर्धा तास कुणी मोकळा करून दिला होता का, एवढं फक्त सांगा. पहाटवारांना पण हाच प्रश्न. तुम्ही पाचला बाहेर पडता तेव्हा घरातलं कोण आवरतं? शिस्त तुमची, आणि जी आवरते तिच्या कामाची मोजदाद कोण करतं?

पहाटवारा
विषय भरकटतोय.

तिसरीपाळी
उत्तर नसलं की विषय भरकटतो.

खुंटी
अहो, धागा संकल्प टिकवण्याबद्दल होता...

ओटा
त्याबद्दलच बोलतेय. वेळ ज्याच्या हातात, त्याचा संकल्प टिकतो. तुमच्या त्या लॅलीबाईंनी ९६ जणांत हे विचारलं होतं का?

पहाटवारा
दोन दिवस विचार करून लिहितोय. घरी विचारलं. उत्तर इथे छापण्यासारखं नाही. शनिवार-रविवार ती जाते, मी घरी थांबतो, असं ठरलंय. म्हणजे माझी आठवड्यातून दोनदा सुट्टी. २१ पण मागे घेतो, २५४ घ्या, खुश? पाच वाजता मात्र सोडणार नाही.

डंबेल
रविवारी आईकडे गेलो होतो. मुद्दाम अख्ख्या घराची फरशी पुसली, उकिडवं बसून, हाताने. आज मंगळवार. संडासात बसताना भिंत धरावी लागतेय. मी जिममध्ये शंभर किलोचं स्क्वॉट मारतो हो. अर्थात सवय नसलेली हालचाल केली की दोन दिवस दुखतंच, त्याने घरकाम हा व्यायाम ठरत नाही. ‘बायकांना’ म्हणालो ते मात्र चुकलं.

ओटा
माझंही एक कबूल करते, पण फार पसरवू नका. पोर कायम डाव्या कडेवर, त्यामुळे उजव्या बाजूला जोरच नव्हता. फिजिओथेरपिस्टने जे सांगितलं ते डिसेंबरपासून करतेय. रबरी पट्टा, दहा दहा वेळा. संकल्प वगैरे काही नाही.

आणि डंबेल, पलंगाखाली पुसलंत का?

डंबेल
...नाही.