नव्या कपाटाचा वास आणि फॉर्मल्डिहाइड

प्रश्न:
महिन्यापूर्वी एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांचे) कपाट घेतले. सकाळी दार उघडताच डोळे चुरचुरतात आणि घसा खवखवतो. हा फॉर्मल्डिहाइडचा परिणाम असेल का, आणि घरात हा वायू आणखी कशातून येतो?

उत्तर १:
असू शकतो. एमडीएफमधील लाकडाचे तंतू बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड राळेने चिकटवलेले असतात आणि उष्णता व दमटपणा वाढला की त्या राळेचे विघटन होऊन वायू सुटत राहतो. कापलेल्या, न झाकलेल्या कडांमधून तो अधिक बाहेर पडतो. कडा बंद करून घ्या आणि कपाट काही आठवडे हवेशीर ठेवा.

उत्तर २:
सगळा दोष कपाटावर टाकू नये. सिगारेटचा धूर, गॅसची शेगडी आणि (हे फारसे कुणाला सुचत नाही) सुरकुत्या न पडणारे कापड, यांतूनही हा वायू येतो. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवले असून, जागतिक आरोग्य संघटनेची घरातील हवेसाठीची मर्यादा ३० मिनिटांच्या सरासरीने घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. सुगंधी फवाऱ्याने वास दबतो, वायू नव्हे.

प्रश्नकर्ता:
कपाट भिंतीपासून ओढून पाहिले. मागच्या फळीच्या चारही कडा उघड्याच आहेत.