विल्कन्स गेले, सॉनिक्स परत येतील म्हणतात. पण अरेनापर्यंत जायचं कसं आणि परत यायचं कसं?

कर्कलंडकर (धागाकर्ता)

लेनी विल्कन्स ९ नोव्हेंबर २०२५ ला गेले. ८८ वर्षांचे होते. याच वर्षी २८ जूनला सिॲटलच्या क्लायमेट प्लेज अरेनाबाहेर त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा ते स्वतः हजर होते. हे नाव ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिॲटल सुपरसॉनिक्सने (म्हणजे सॉनिक्स, २००८ मध्ये इथून गेलेली आपली बास्केटबॉल टीम) एनबीएचं, अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, विजेतेपद एकदाच मिळवलं, १९७९ मध्ये, आणि त्या टीमचे कोच विल्कन्स होते. त्याआधी ते इथेच खेळले. १९६९ ते १९७२ तर खेळाडू आणि कोच अशी दोन्ही कामं एकाच वेळी केली. कोच म्हणून १३३२ विजय. हॉल ऑफ फेममध्ये तीनदा मान: खेळाडू म्हणून, कोच म्हणून आणि १९९२ च्या ऑलिंपिक टीमचे सहायक कोच म्हणून.

या उन्हाळ्यात बाबा नाशिकहून आले होते. वय ७४, उजवा गुडघा दुखरा. पुतळा बघू आणि स्टॉर्मची, इथल्या महिला बास्केटबॉल टीमची, मॅचही बघू म्हणून त्यांना घेऊन गेलो. पहिल्यांदा गाडीने. मॅच संपल्यावर एका खासगी पार्किंगचं फाटक उघडेना आणि मागे गाड्यांची रांग लागली. बाबा पाऊण तास सीटवर गुडघा चोळत बसून होते.

दुसऱ्यांदा ठरवून गाडी घरी ठेवली. कर्कलंडहून २५५ नंबरच्या बसने युनिव्हर्सिटी स्टेशन, तिथून लाइट रेलने वेस्टलेक, वेस्टलेकहून मोनोरेल. लाल गाडी मिळाली. बाबा पुढच्या काचेपाशी उभे राहिले ते सीट रिकामी असूनही बसायला तयार नाहीत. दोन मिनिटांचा प्रवास, पण घरी आल्यावर दोन दिवस ते आईला फोनवर तेच सांगत होते. मॅचचा चौथा, शेवटचा क्वार्टर सुरू झाला आणि मी घड्याळ बघायला लागलो. रात्री बसच्या फेऱ्या विरळ होतात. एक चुकली की त्यांना स्टॉपवर उभं ठेवायचं किती वेळ? उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा आतून एकदम आरडाओरडा ऐकू आला. बाबा म्हणाले, "शेवट बघायचा नव्हता तर आलो कशाला आपण?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा. एनबीए नवीन टीम देईल अशी चर्चा जोरात आहे. टीम आल्यावर सगळे तिकिटांमागे धावतील, तेव्हा कोणी ऐकणार नाही. आपण सिॲटलच्या पूर्वेकडच्या, तलावापलीकडच्या गावांतले लोक हजारोंनी तिथे जाणार आहोत. मॅचच्या रात्री अरेनापासून थेट बेलव्ह्यू, कर्कलंड, रेडमंडच्या पार्क-अँड-राइडपर्यंत (गाडी ठेवून बस धरायचे तळ) उशिराच्या बसेस हव्यात, हे आत्ताच लिहून मागू या. २०२१ मध्ये अरेना उघडली तेव्हा क्रॅकनच्या हॉकीच्या तिकिटातच बस-ट्रेनचा प्रवास धरला होता. बास्केटबॉलच्या नव्या टीमलाही तीच अट घालावी.

तिरफळ

विल्कन्स यांच्याबद्दल लिहिलंस ते चांगलं केलंस, पण त्यांचं नाव बसच्या मागणीला जोडणं मला पटलं नाही. ते स्वतः मेडिनासारख्या श्रीमंत गावात राहत होते, बसने अरेनाला जात असतील असं वाटत नाही. माणूस जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत. त्याच्या नावाने दुसराच मुद्दा पुढे ढकलायचा हे बरं दिसत नाही.

आता मुद्द्यावर. मला दोन मुलं, धाकटी चार वर्षांची. मॅच संध्याकाळी सातला, मधल्या वारी. साडेपाचला डेकेअरमधून उचलायचं, बस, मग ट्रेन, मग मोनोरेल, आणि रात्री साडेदहाला झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन हेच सगळं उलट्या क्रमाने करायचं? डाउनटाउनमध्ये थर्ड अॅव्हेन्यूवर त्या वेळेला मुलांना घेऊन उभं राहायला माझी बायको तयार नाही आणि मी तिला आग्रह करणार नाही. आमच्यासाठी तलावावरच्या ५२० पुलाचा टोल आणि पार्किंगचे पैसे हीच सोय आहे. ज्यांना गाडीशिवाय गत्यंतर नाही त्यांच्यासाठी अरेनाजवळची पार्किंगची जागा वाढवा असं कोणीच का म्हणत नाही?

सामनशिडी

तिरफळ, मी सिॲटलमध्येच बॅलर्डला राहते, डी लाइनच्या बसने जाते. तुझी अडचण खरी आहे. पण पार्किंग वाढवून ती सुटणार नाही, कारण पार्किंगमधली प्रत्येक गाडी शेवटी मर्सर स्ट्रीटवरच येते. तिथली कोंडी तूही रोज बघतोस.

जरा हिशेब कर. एनबीएच्या टीमच्या घरच्या ४१ मॅच. क्रॅकनच्या ४१. ऑक्टोबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत या एकाच इमारतीत ८२ रात्री, वर कॉन्सर्ट. म्हणजे हिवाळाभर जवळजवळ दर दुसऱ्या रात्री १७-१८ हजार माणसं एकाच वेळी बाहेर पडणार. पाऊस, अंधार, अरेनाभोवतीचे लोअर क्वीन ॲनचे ते अरुंद रस्ते. तिथे आणखी दोन हजार गाड्यांची जागा केलीत तर बाहेर पडायची रांग आणखी लांब होईल, बाकी काही होणार नाही.

आणि ८ नंबरची बस आठवा. डेनी वेवर ती इतकी अडकते की गावात तिला 'लेट एट' म्हणतात. ती अडकते ती गाड्यांच्या रांगेत. संपूर्ण डेनीवर तिला स्वतःची लेन द्या, कॅपिटल हिलहून येणारा माणूस वेळेवर पोचेल. त्याला काही अब्ज लागत नाहीत. रंग लागतो आणि हिंमत लागते.

पौडरस्ता

तुम्ही सगळे चुकीच्या जागेवरून भांडताय असं मला वाटतं. मुळात अरेनाच तिथे नको होती. दक्षिणेला सोडोमध्ये, बेसबॉल आणि फुटबॉलच्या स्टेडियमशेजारी ती व्हायची होती. तिथे लाइट रेलचं स्टेडियम स्टेशन २००९ पासून आहे, किंग स्ट्रीटचं रेल्वे स्टेशन चालत अंतरावर आहे. पण २ मे २०१६ ला सिटी कौन्सिलने त्या अरेनासाठी ऑक्सिडेंटल अॅव्हेन्यू या रस्त्याचा तुकडा द्यायला ५ विरुद्ध ४ मतांनी नकार दिला आणि तो विषय संपला. एका मताने! म्हणून आज आपण मोनोरेल आणि बस यांचे जोड लावत बसलोय.

मी मुंबईत वाढलो. वानखेडेवर मॅच संपली की लोंढा चर्चगेटकडे निघायचा आणि थोड्याच वेळात आम्ही लोकलमध्ये चिकटून उभे असायचो. आजोबा, शाळकरी पोरं, डबेवाले, कोणीही. मग पुण्यात आलो आणि गहुंजेला गेलो. एक्स्प्रेसवेच्या कडेला सुंदर स्टेडियम, आणि मॅच सुटल्यावर अंधारात रिक्षासाठी पायपीट. स्टेडियम कुठे बांधायचं हे एकदा चुकलं की पन्नास वर्षं निस्तरत बसावं लागतं.

कर्कलंडकर

@पौडरस्ता, गहुंजेचं अगदी मनातलं बोललात. पण सोडोच्या नकारामागे बंदराच्या ट्रकांचा आणि तिथल्या नोकऱ्यांचा प्रश्न होता, तो खोटा नव्हता. शिवाय आता ती इमारत उचलून नेता येणार नाही. १९६२ च्या वर्ल्ड फेअरचं ते छप्पर. संरक्षित वास्तू म्हणून ते तसंच अधांतरी टेकवून ठेवलं आणि खाली खोदून नवीन अरेना केली. मोनोरेलही त्याच वर्षाची, त्याच जत्रेसाठी बांधलेली. त्या जागेला माणसं आणून सोडायची सोय पहिल्यापासून होती, आपण ती ६० वर्षांत पुढे नेली नाही.

पुढे काय आहे तेही बघा. अरेना आहे त्या सिॲटल सेंटरला लाइट रेलचं स्टेशन बॅलर्ड लाइनवर होणार. त्याला मतदारांनी २०१६ मध्ये मंजुरी दिली आणि आता तारीख २०३९ सांगतात. खर्चाचा अंदाज २० अब्ज डॉलरच्या वर गेलाय. २०१६ ला दहा वर्षांचा असलेला मुलगा त्या स्टेशनवर उतरेल तेव्हा ३३ वर्षांचा असेल. कर्कलंडला तर रूळ यायचे आहेत ते २०४४ मध्ये. तलावावरच्या तरंगत्या पुलावरून बेलव्ह्यूला जाणारी ट्रेन २०२६ मध्ये सुरू होतेय, त्याचा रेडमंडवाल्यांना खरंच फायदा आहे. उरलेल्यांसाठी वीस वर्षं बसच आहे, म्हणून मी बसबद्दल बोलतोय.

@तिरफळ, नाव जोडण्याबद्दल. विल्कन्स यांचं फाउंडेशन ओडेसा ब्राउन या मुलांच्या दवाखान्याला वर्षानुवर्षं पैसे उभे करून देत आलं. पैसे भरता येत नाहीत म्हणून तिथून मूल परत पाठवत नाहीत. अशा माणसाचा पुतळा ज्या दारात आहे, तिथे कोण पोचू शकतं आणि कोण नाही हे विचारणं मला त्यांच्या नावाला सोडून वाटत नाही.

मोंटलेकचे काका

मुलांनो, तुमचं वाचलं. मी १९७६ मध्ये २३ वर्षांचा असताना युनिव्हर्सिटीत शिकायला इथे आलो. बास्केटबॉलचे नियमही ठाऊक नव्हते. प्रयोगशाळेतला सोबती घेऊन गेला.

१९७७-७८ च्या सीझनला टीमने सुरुवातीच्या २२ मॅचपैकी फक्त ५ जिंकल्या होत्या, तेव्हा विल्कन्स कोच झाले. तीच टीम त्याच सीझनला फायनलला गेली. वॉशिंग्टन बुलेट्सविरुद्धची चौथी मॅच किंगडोम स्टेडियममध्ये झाली, ३९,४५७ माणसं. मी त्यातला एक. इतक्या वर, इतक्या मागे बसलो होतो की खेळाडू बोटाएवढे दिसत होते. पण साइडलाइनवर एक माणूस हाताची घडी घालून शांत उभा होता, तो मला तिथूनही ओळखू यायचा. ओव्हरटाइममध्ये हरलो. सातव्या मॅचलाही घरीच हरलो, डेनिस जॉन्सनचे १४ पैकी १४ शॉट चुकले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच बुलेट्स, या वेळी आपण ४-१ ने जिंकलो, आणि त्याच डेनिस जॉन्सनला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. कोचने त्या मुलावरचा विश्वास काढून घेतला नाही. मला विल्कन्स म्हटलं की हे आठवतं.

त्या सगळ्या मॅचना मी बसने गेलो, कारण गाडी नव्हती. नंतर गाडी आली. २००८ मध्ये टीम ओक्लाहोमाला गेली तेव्हा मी ५५ वर्षांचा होतो, म्हटलं परत येईल तेव्हा बघू. आता ७२. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात, रात्री गाडी चालवणं डॉक्टरांनी बंद केलंय. तेव्हा पुन्हा बसच.

कर्कलंडकर, तुझं बहुतेक पटलं. पण तू फक्त पूर्वेकडच्यांचं मागतोयस. सिॲटलमध्येच मोंटलेकला, सेंट्रल डिस्ट्रिक्टला, रेनियर व्हॅलीला राहणारे माझ्या वयाचे लोक, ज्यांनी ते १९७९ पाहिलं, त्यांचं काय? थेट बसेस फक्त श्रीमंत गावांच्या पार्किंगपर्यंत धावणार असतील तर मी सही करणार नाही.

तिरफळ

काका, तुमचं वाचून थांबलो थोडा वेळ. पाच मॅच जिंकलेल्या टीमचं मला माहीत नव्हतं.

तरी एका गोष्टीवर मी ठाम आहे. बसचं भाडं प्रत्येक तिकिटात घालायला माझा विरोध आहे. जो गाडीने जाणार त्याने टोल द्यायचा, पार्किंग द्यायचं आणि वर दुसऱ्याच्या बसचेही पैसे द्यायचे, हे बरोबर नाही. ज्याला बस हवी त्याने वेगळं तिकीट काढावं. साउथ कर्कलंडहून खरोखर थेट बस असेल, मध्ये कुठेही न बदलता, तर मोठ्या मुलाला घेऊन मीही जाईन. धाकटी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत मात्र गाडीच.

सामनशिडी

वेगळं तिकीट म्हटलं की लोक बस धरत नाहीत, रे. खिशात आधीच आहे म्हटल्यावर धरतात. आणि जेवढे धरतील तेवढ्या गाड्या मर्सरवर तुझ्या पुढून कमी होतील. त्या पैशातून तुलाही मोकळा रस्ता मिळतो.

काकांचा मुद्दा मात्र धाग्यात वरच यायला हवा होता. कर्कलंडकर, मागणीत बदल करशील का? रेनियर आणि सेंट्रल डिस्ट्रिक्ट आधी, मग पुलापलीकडे.

कर्कलंडकर

करतो. काका, माझं चुकलंच. मी बाबांच्या गुडघ्यावरून सुरुवात केली आणि आपल्याच घरापर्यंतचा रस्ता बघितला. मसुदा उद्या इथे टाकतो. तिकिटातल्या भाड्याबद्दल तिरफळचा विरोध आहे हेही त्यात लिहीन, लपवणार नाही.

पौडरस्ता

माझीही सही घ्या. जागा चुकली हे मी म्हणतच राहणार, पण सही घ्या.

तिरफळ

काका, एक विचारू? ५२० वरून मोंटलेकची एक्झिट मला वाटेतच आहे. मे महिन्यात स्टॉर्मचा सीझन सुरू झाला की मी मोठ्याला घेऊन जाणार आहे. तुम्हाला घ्यायला येऊ का? जरा लवकर निघू, आधी पुतळ्यापाशी थांबू. त्याला तुमच्या तोंडून किंगडोमचं ऐकू दे.

मोंटलेकचे काका

ये, जरूर ये. पोराला एक काम सांग: येताना पाच आणि सतरा हे दोन आकडे पाठ करून यायचं, पाच जिंकल्या, सतरा हरल्या. तिथूनच सुरुवात करू. परत येताना मात्र मला वेस्टलेकला सोड, मी ट्रेनने येईन. शेवटची किती वाजता सुटते ते मला स्वतः बघायचंय, मसुद्यात लिहायला लागेल.