मदत हवी आहे: शेतातल्या रास्पबेरी पायचं कनेक्शन मरतंय आणि कोडला पत्ताच नाही

नमस्कार मंडळी, निपाणी तालुक्यातनं लिहितोय, कोगनोळीजवळ शेत आहे. कोडिंग व्हिडिओ बघून शिकलोय, त्यामुळं काही चुकीचं बोललो तर सांभाळून घ्या.

विहिरीवरच्या मोटरीला रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, जोडलाय (काका अजून विचारतात, "तुझ्या पायाला काय झालं रे?"), त्याला फोरजी डोंगल, आणि पायथनमध्ये साधा टीसीपी सॉकेट (दोन मशीनमधली थेट जोडणी) उघडून भाड्याच्या सर्व्हरला कायम जोडून ठेवलाय. दर मिनिटाला अँपिअर जातात आणि तिकडनं चालू-बंदची कमांड येते. सिमला पब्लिक आयपी (बाहेरनं थेट जोडता येईल असा पत्ता) नाही, १००.६४ वाला कंपनीच्या आतला मिळतो, म्हणून कनेक्शन पायकडनंच उघडावं लागतं.

घरच्या वायफायवर आठवडाभर मस्त चाललं. शेतात नेल्यापासून दिवसातनं दोन-तीनदा मुकं व्हायलंय. एरर नाही काही नाही, सेंड केलं की पायथन म्हणतंय गेलं, सर्व्हरवर मात्र शांतता, आणि मग पंधरा-सोळा मिनिटांनी एकदम 'कनेक्शन टाइम्ड आउट'. दरवेळी तेवढीच मिनिटं कशी काय? एसएस कमांडनं (चालू कनेक्शनं दाखवते) बघितलं तर कनेक्शन इस्टॅब्लिश्ड, फक्त सेंड-क्यूचा, म्हणजे पोच न आलेल्या डेटाचा, आकडा फुगत जातोय. टीसीपीडंपमध्ये (पॅकेटं टिपणारं साधन) तेच पॅकेट परत परत, दोन्हीमधलं अंतर दुप्पट होत जातं.

माझा संशय असा की डोंगल कधी आपल्याकडचा टॉवर धरतंय, कधी महाराष्ट्रातल्या कागलकडचा, कारण त्याच वेळी लॉगमध्ये आयपी बदललेला दिसतो. सीमावाद सिमकार्डापर्यंत पोचलाय बघा.

हसू नका, गेल्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची होती, बंदची कमांड पोचलीच नाही, मोटर पहाटेपर्यंत चालली आणि पाणी शेजारच्या अण्णांच्या तंबाखूत. तंबाखूला साचलेलं पाणी सोसत नाही हे इथं कुणाला सांगायला नको. अण्णा अजून बोलत नाहीत.

टीसीपीचा कीपअलाइव्ह (गप्प कनेक्शन जिवंत आहे का विचारणारी सोय) चालू करून बघितला, काही फरक नाही. आता सॉकेटचीच डागडुजी करू की झिरोएमक्यू, एमक्यूटीटी असलं मेसेज पोचवणारं तयार काही घेऊ?

प्रतिसाद १
संशय बरोबर आहे. टीसीपी कनेक्शन आयपी आणि पोर्टच्या जोडीला बांधलेलं असतं, आयपी बदलला की जुनं कनेक्शन मेलं, पण ते सांगणार कोण? सेंड म्हणजे कर्नलच्या बफरमध्ये टाकलं एवढंच, पोचलं असं नव्हे. तुमच्या पंधरा मिनिटांचं कोडं म्हणजे लिनक्समधलं टीसीपी रिट्राइज टू (पोच नाही आली तर किती वेळा परत पाठवायचं ती सेटिंग), डीफॉल्ट १५, त्याचा हिशोब साधारण ९२४ सेकंद होतो. कीपअलाइव्ह पहिला प्रोब ७२०० सेकंदांनी पाठवतो, आणि पोच न आलेला डेटा पडून असेल तर तो मध्ये येतच नाही. टीसीपी युजर टाइमआउट (पोच न आल्यास किती वेळानं कनेक्शन तोडायचं) ३०००० ठेवा, ते मिलिसेकंदात असतं. पण कमांडची वाट बघत नुसतं बसलेल्या रिसीव्हला त्याचा उपयोग नाही, तिथं स्वतःचा पिंग-पाँग ('आहेस का?' 'आहे' असा मेसेज) लागतोच.

प्रतिसाद २
आणि तो पिंग-पाँग स्वतः लिहिण्यापेक्षा एमक्यूटीटी घ्या की. सर्व्हरवर मॉस्किटो (मेसेज वाटणारा ब्रोकर), पायवर पाहो (त्याला जोडणारी लायब्ररी), दोन्ही ओपन सोर्स. कीपअलाइव्ह ६० ठेवला तर दीडपट वेळ, म्हणजे ९० सेकंद काही आलं नाही की ब्रोकर कनेक्शन तोडतो आणि लास्ट विल (आधीच देऊन ठेवलेला निरोप) लावलं असेल तर 'पंप ऑफलाइन' असा मेसेज तुम्हाला येतो. लूप स्टार्ट वापरला की पाहो परत आपोआप जोडतो, फक्त सबस्क्राइब (कमांड ऐकायची नोंदणी) ऑन-कनेक्टमध्ये, म्हणजे दरवेळी जोडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, लिहा, नाहीतर जोडलंय पण ऐकू काहीच येत नाही असं होतंय. झिरोएमक्यू वाईट नाही, पण त्यात हार्टबीट तुम्हालाच चालू करावा लागतो.

एक सांगतो, 'चालू' कमांडला रिटेन (ब्रोकरनं शेवटचा मेसेज जपून ठेवणं) लावू नका. नाहीतर परत जोडल्या जोडल्या कालची कमांड येऊन मोटर सुरू. कमांडमध्ये वेळ घाला, जुनी असेल तर फेकून द्या. आणि नेट असो नसो, ठरलेल्या वेळानं मोटर बंद करायचा टायमर पायवरच पाहिजे. तो असता तर अण्णांचा तंबाखू वाचला असता.

मूळ लेखक
टायमर आत्ताच घातला. मॉस्किटो पण टाकला, सर्व्हरवरच्या सर्व्हरवर मेसेज जातोय, पण पाय बाहेरनं जोडायला गेला की 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. फायरवॉलमध्ये १८८३ (एमक्यूटीटीचा पोर्ट) उघडा आहे.

प्रतिसाद २
मॉस्किटो २.० पासून कॉन्फिग दिला नाही तर तो फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरनं आलेलं, ऐकतो. कॉन्फिगमध्ये लिसनर (कुठल्या पोर्टवर ऐकायचं ती ओळ) टाका आणि पासवर्ड फाइल बनवा. अनॉनिमस (बिनपासवर्ड) उघडून ठेवू नका, नाहीतर तुमची मोटर दुसरंच कोणी चालवेल. जमलं की १८८३ सोडून टीएलएसच्या (एन्क्रिप्टेड) ८८८३ वर जा.

मूळ लेखक
जोडला! आता डोंगल काढून-घालून बघतोय, ९० सेकंद मोजायलोय.