डिप्रेशनला 'नैराश्य' म्हणावं का?

दोनप्रहर: नववी-दहावीच्या मुलांसाठी पीएचक्यू-९ या डिप्रेशन तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या फॉर्मच्या किशोरवयीन आवृत्तीचं मराठी करतोय. मुळात पहिल्याच प्रश्नात हताश वाटण्याच्या जोडीला चिडचिडही विचारलीय, कारण या वयात डिप्रेशन पुष्कळदा तसंच दिसतं. मी 'नैराश्य किंवा चिडचिड' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी 'नैराश्य' खोडलं. मग काय लिहू?

कानामात्रा: बाई बरोबर. निराशा कशाची तरी होते. सहल रद्द झाली, मार्क कमी पडले. डिप्रेशनला असं कारण असेलच असं नाही. 'नैराश्य' वाचलं की पालक 'कशामुळे?' विचारत सुटतात.

विसर्ग: 'अवसाद' आहे की! अव + सद्, खाली बसणं. विषाद, प्रसाद ही त्याच धातूची भावंडं.

गवतीचहा: असतील, पण मुलांना तो हिंदी बातम्यांतला वाटणार. सरळ 'उदास' लिहा.

विसर्ग: संतांकडे उदास म्हणजे अलिप्त. तो गुण आहे, आजार नव्हे.

गवतीचहा: पोरगं फॉर्म भरतंय हो, कीर्तनाला नाही बसलेलं.

पाटीपेन्सिल: नामावरून भांडताय, घोळ क्रियापदात आहे. 'चिडचिड करतोस का?' हा आरोप झाला. मूल 'अजिबात नाही'वर खूण करून मोकळं. 'चिडचिड होते का?' म्हटलं की तो त्याचा त्रास होतो. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७, आणि १० पासून पुढे सविस्तर तपासणी. ११ वाला मुलगा या एका क्रियापदापायी ८ वर येऊन सुटू शकतो.

नववा प्रश्न तर जपून. तिथे 'जीव नकोसा होतो का?' नको; आपल्याकडे उकाड्यानेही जीव नकोसा होतो. 'मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का?' असं स्वच्छ विचारा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी मुलाशी एकांतात बोलायचं.

कानामात्रा: आणि फॉर्म मागच्या ज्या काळाबद्दल विचारतो, ती मुदत? 'दोन आठवडे' की 'पंधरा दिवस'? 'निम्म्याहून जास्त दिवस' या पर्यायाला मुलं अडतात. चौदातले आठ म्हणावं, तर 'आठ दिवस' म्हणजे आपल्याकडे आठवडा!

विसर्ग: 'पंधरवडा' लिहा. शुद्ध शब्द.

गवतीचहा: शाळेतल्या पोरांना पंधरवडा म्हणजे पितृपंधरवडा.

दोनप्रहर: पण पहिल्या प्रश्नाचं काय?

विसर्ग: पक्ष कधी चौदा दिवसांचाही असतो, म्हणजे पंधरवडा हिशेबातही बसतो.