स्लाइडवर लगेच काही दिसत नाही

'ऑक्सिजन तुटल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरतात, मग शवविच्छेदनात ते लगेच दिसायला हवं' असं कुणालाही वाटेल. पहिला भाग ढोबळमानाने बरोबर, दुसरा नाही. काही मिनिटांत एटीपी (पेशीचं इंधन) संपतं, पेशीतले क्षार आत-बाहेर करणारा सोडियम-पोटॅशियम पंप बंद पडतो, पेशी पाणी ओढून फुगते. पण साध्या मायक्रोस्कोपखाली मेलेली चेतापेशी खात्रीने ओळखू यायला साधारण १२ तास लागतात, तेही माणूस तेवढा वेळ जगला तरच. सोलापुरात एमडी करताना मी पहिला 'रेड न्यूरॉन', म्हणजे अशी मेलेली चेतापेशी, पाहिला तो हिप्पोकॅम्पसमध्ये, मेंदूच्या स्मरणशक्तीशी जोडलेल्या भागात. आधी फुगून नंतर आकसलेला, इओसिन या रंगाने भडक गुलाबी झालेला, आत केंद्रक काळ्या तिळासारखं. मे महिन्याचा उकाडा, अवयव टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनने डोळ्यांतून धारा, तरी नजर हटेना.

त्याआधी एकदा फजिती झालेली. स्लाइडभर गडद, चिमटलेल्या पेशी दिसल्या आणि मी 'हायपॉक्सिया' (ऑक्सिजनची कमतरता) लिहून मोकळी! मॅडम म्हणाल्या, "अगं, मेंदू काढताना दाबला असशील." फॉर्मॅलिनमध्ये मुरण्याआधी ताजा मेंदू हाताळला तरी पेशी अशाच गडद होतात. फक्त त्या निळसर-जांभळ्या दिसतात, लाल नाही.