काचेचा पेला दाबून बघा

‘जुलाबानंतर अंगावर उठलं म्हणजे उष्णता, सब्जा द्या’ असा सल्ला या चर्चेत वर दोघांनी दिलाय. मुंबईच्या दमट हवेत पोरांना घामोळं येतंच, त्यामुळे बऱ्याचदा ते खरंही निघेल. पण रक्ती जुलाब सुरू झाल्यापासून 5 ते 10 दिवसांत टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके आले, तर सब्जा राहू द्या. काचेचा पेला ठिपक्यांवर आडवा दाबून काचेतून बघा. घामोळ्याची लाली दाबल्यावर फिकी पडते. त्वचेखाली रक्त साकळलं असेल तर ठिपका तसाच दिसतो. सावळ्या अंगावर नीट कळत नाही, म्हणून तळपाय आणि खालच्या ओठाची आतली बाजूही बघायची. शिगेला किंवा ई. कोलाय या जिवाणूंच्या काही जातींच्या विषामुळे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) खर्ची पडतात, मूत्रपिंडावर ताण येतो. हे बहुधा जुलाब ओसरताना होतं, तिथेच घरचे फसतात. ठिपके दाबूनही जात नसतील, किंवा लघवी कमी, चेहरा पांढुरका, डोळे सुजलेले असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) लागेल. कपाटातलं उरलेलं अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने अजिबात नको.

टायफॉइडचे ठिपके मात्र दाबल्यावर जातात: गुलाबी, 2 ते 4 मिलिमीटरचे, पोटा-छातीवर, तापाच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटाला. तेव्हा काचेने ‘पास’ केलं म्हणून ताप अंगावर काढू नका. ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेलं बरं.